डॅन्यूबकाठची सायकलवारी : शेवटचे दिवस कसे राखावेत?

गोदाकाठ

युरोपात उन्हाळ्यात लांब सायकलप्रवास करायचा म्हटलं की आपल्याकडचे बरेच जण डॅन्यूबचा काठ निवडतात, आणि ते योग्यच आहे. वाट नदीच्या उताराने जाते, चुकायची फारशी भीती नसते, मुक्कामाची गावंही जवळजवळ आहेत. उगमाकडच्या भागाबद्दल, पासाउच्या तीन नद्यांच्या संगमाबद्दल लोक भरभरून लिहितात. शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र एकच ओळ असते : 'मग मेल्कहून दोन दिवसांत व्हिएन्ना गाठलं.' ते वाचून मला खरंच हळहळ वाटते, म्हणून हा धागा.

आम्ही तिघी मैत्रिणी जर्मनीत नदीच्या उगमाशी असलेल्या डोनाउएशिंगेनहून निघालो आणि व्हिएन्नाला थांबलो. मेल्क ते व्हिएन्ना अंतर साधारण १२० किलोमीटर. दोन दिवसांत सहज होतं. आम्ही त्याला जवळजवळ आठवडा दिला होता, आणि माझं ठाम मत झालंय की सगळ्या प्रवासात कुठे हात सैल सोडायचा असेल तर तो इथेच. तोवर पाय तयार झालेले असतात. सायकलचा बारीकसा आवाज बदलला तरी कळतो. सकाळी पिशव्या भरून लावायला पाच मिनिटं पुरतात, कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे ते हातांना पाठ असतं. प्रवास करायचं कसब अंगात मुरतं आणि नेमकं तेव्हाच आपण विमानाच्या तारखेकडे बघत पळायला लागतो.

नदीकाठी जहाजांसाठी किलोमीटरच्या पाट्या असतात. डॅन्यूबचं अंतर मुखापासून मोजतात. शून्य आहे काळ्या समुद्राशी, रोमानियातल्या सुलिनाला. त्यामुळे पासाउला आकडा २२२५ च्या आसपास, मेल्कला २०३६, व्हिएन्नाला १९३० च्या घरात. क्रेम्सच्या जरा पुढे तो दोन हजारांच्या खाली उतरतो. समुद्र अजून तेवढा लांब आहे आणि आपला प्रवास मात्र संपत आलाय, हे तिथे एकदम अंगावर आलं. आम्ही तिघीही काही न बोलता थांबलो, पाणी प्यायलो, मग निघालो.

आता वाखाउ. मेल्क ते क्रेम्स या सुमारे ३६ किलोमीटरच्या खोऱ्याचं हे नाव. २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. मेल्कचा मठ तर लांबूनच दिसतो, खडकावर बसलेला पिवळाधमक. बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू तिथे १०८९ पासून आहेत, आजची नक्षीदार बरोक शैलीची इमारत १७०२ ते १७३६ या काळातली. आत जाऊन ग्रंथालय बघाच, पण सकाळी दार उघडताच जा. नंतर जहाजांतून उतरलेली गर्दी येते.

मठानंतर नदी डोंगरांमध्ये शिरते. दोन्ही उतारांवर कोरड्या दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांच्यावर द्राक्षाचे वेल. खाली जर्दाळूच्या बागा. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे सुकामेवा. तिथला जुलैतला ताजा जर्दाळू हे वेगळंच फळ आहे. उन्हाकडच्या गालावर लाल ठिपके असतात. अंगठ्याने शिवणीवर दाबलं की अलगद दोन भाग होतात आणि बी स्वच्छ सुटते, गराचा धागाही चिकटत नाही. झाडावर पिकलेला असल्यामुळे टिकत नाही, म्हणून लांबच्या बाजारात जात नाही. तो तिथेच, रस्त्याकडेच्या टपरीवरून घेऊन, नदीवर पाय सोडून खायचा. काही ठिकाणी टपरीवर माणूसही नसतो. भाव लिहिलेला असतो आणि पैसे टाकायला डबा.

श्पिट्झहून समोरच्या आर्न्सडॉर्फला जायला तराफा आहे. त्याला इंजिन नाही. नदीवर उंच आडवी तार ताणलेली आहे, तराफा दोरांनी तिला जोडलेला. चालक तराफ्याचं तोंड प्रवाहाशी तिरकं करतो आणि पाण्याचा रेटाच त्याला पलीकडे नेतो. सायकली, मोटारी, सगळं त्यावरच. खाली पाणी कापल्याचा आवाज तेवढा येतो. आम्ही कामाशिवाय पलीकडे जाऊन परत आलो, पुन्हा दुसऱ्या दिवशी गेलो. दोन दिवसांत व्हिएन्ना गाठणाऱ्याला हे कसं जमणार?

विलेनडॉर्फ या छोट्या गावातही थांबा. १९०८ मध्ये इथे उत्खननात चुनखडीची स्त्रीमूर्ती सापडली, अवघी ११ सेंटिमीटरची, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. आधी जागा बघायची आणि चार दिवसांनी सायकल टेकवून मूर्तीसमोर उभं राहायचं, हा क्रम फार समाधान देतो. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यावरही चढा. इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२–९३ च्या हिवाळ्यात तिथे कैदेत ठेवलं होतं. चढ वीसेक मिनिटांचा, पण सायकलचे बूट घालून नको.

क्रेम्सच्या पुढे डोंगर संपतात आणि अनेकांना वाटतं की आता बघण्यासारखं काही नाही, चला मारू या पायडल. थांबा जरा. दक्षिण काठाने गेलात तर टुल्नच्या अलीकडे झ्वेन्टेनडॉर्फचं अणुवीज केंद्र लागतं. संपूर्ण बांधून तयार झालेलं आणि एकदाही न चाललेलं. ५ नोव्हेंबर १९७८ ला देशभर सार्वमत झालं, ५०.४७ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं, आणि ते कायमचं बंद राहिलं. एक टक्क्याहूनही कमी फरकावर एवढा खर्च बाजूला ठेवणारा देश! कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही तिघी तासभर वाद घालत होतो. तिघींची मतं वेगळी होती आणि अजूनही आहेत.

टुल्नला एक मुक्काम करा. चित्रकार एगॉन शीलं १८९० साली तिथल्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत जन्मला. वडील स्टेशनमास्तर होते.

व्हिएन्नात शिरताना क्लोस्टरनॉयबुर्गचा मठ उजवीकडे ठेवून येतो आपण. माझं सांगणं, थेट जुन्या शहरात घुसू नका. आधी डॅन्यूब बेटावर जा. पुराचं पाणी वळवायला १९७२ पासून नवा कालवा खोदला, त्याच्या मातीतून हे २१ किलोमीटर लांबीचं बेट तयार झालं. अख्खं शहर तिथे फुकट पोहतं. जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, तेव्हा वेळ भरपूर असतो. कालव्याचं पाणी संथ आहे. मुख्य नदीत मात्र उतरू नका, ओढ जबरदस्त आहे.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांनी वेगळ्या पद्धतीने शेवट केला त्यांचे.

---

रानवारा

वाचनखूण साठवली आहे. फार मनापासून लिहिलंय ताई. पुढच्या जुलैत बाबांना घेऊन पासाउ ते व्हिएन्ना करायचा विचार आहे. त्यांचं वय ६७, सायकल रोज चालवतात पण गुडघ्याची कुरकुर असते. वाखाउत कुठला काठ घ्यावा? आणि एखाद्या दिवशी त्यांना नाहीच जमलं तर काय सोय?

---

गोदाकाठ

@रानवारा, उत्तर काठावर गावं आहेत : श्पिट्झ, वाइसनकिर्शन, ड्युर्नश्टाइन. वाट वेलांमधून, गल्ल्यांमधून जाते, त्यामुळे थोडे चढउतार आणि दगडी फरशीचे हादरे आहेत. दक्षिण काठ सपाट आणि शांत, बागा जास्त तिथेच. बाबांसाठी दक्षिण काठ धरा आणि तराफ्याने पलीकडे ये-जा करा.

नाहीच जमलं तर उन्हाळ्यात मेल्क आणि क्रेम्सच्या मध्ये प्रवासी बोटी असतात, सायकल घेतात. उत्तर काठाने एमर्सडॉर्फ ते क्रेम्स पर्यटकांसाठी छोटी रेल्वेही चालते. ती वेलांच्या वरून जाते, खिडकीतून नदी फार सुंदर दिसते. बाबांना दमले नसतानाही एकदा त्यात बसवा.

---

चाकोरीबाहेर

लेख आवडला, मत पटलं नाही.

पाय तयार झालेत असं तुम्हीच म्हणता. मग त्या पायांना ३० किलोमीटरवर थांबवायचं कशाला? माझ्या अनुभवात शेवटचा आठवडा हाच लांब पल्ल्याचा. व्हिएन्नाला थांबणं म्हणजे नदीच्या निम्म्या वाटेवरही न पोचता परत फिरणं. मी दोन्ही वेळा बुडापेस्टला संपवलं.

व्हिएन्नातून उत्तर काठाने बाहेर पडलं की लोबाउचं जंगल आणि मग पूररोधक बंधारा, सरळ रेषेत कित्येक किलोमीटर. सावली नाही, वळण नाही. लोक कंटाळवाणा म्हणतात, मला तो फार प्रिय आहे. डावीकडे शेतं, उजवीकडे पाणथळ रान, आणि डोक्यात बाकी काही उरत नाही. वीजप्रकल्पापासून हे रान वाचवायला डिसेंबर १९८४ मध्ये लोक कडाक्याच्या थंडीत हाइनबुर्गजवळ तळ ठोकून बसले. वीजप्रकल्पाचं काम थांबलं आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. ऑस्ट्रियात डॅन्यूब मोकळी वाहते ती दोनच ठिकाणी, तुमच्या वाखाउत आणि इथे. बाकी सगळीकडे एकामागून एक वीजधरणं.

वाटेत एकार्ट्सआउचा वाडा. ऑस्ट्रिया-हंगेरीचा शेवटचा सम्राट कार्ल याने नोव्हेंबर १९१८ मध्ये हंगेरीच्या कारभारातून बाजूला होत असल्याच्या कागदावर इथे सही केली. तिथून हाइनबुर्ग आणि ब्रातिस्लावा एका दिवसात. पुढे कोमारोम, मग एस्तरगोम. हंगेरीतलं एस्तरगोम आणि पलीकडचं स्लोव्हाकियातलं गाव जोडणारा पूल १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि तो पुन्हा उभा राहायला २००१ उजाडलं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ दोन गावं समोरासमोर आणि मध्ये नुसते खांब. मी स्लोव्हाकियाच्या बाजूने तो पूल ओलांडला, समोर टेकडीवर बॅसिलिकाचा, म्हणजे मोठ्या चर्चचा, घुमट. असा शेवट मला हवा असतो.

---

इसारकाठ

म्युनिकला राहतो, हा पट्टा दर उन्हाळ्यात थोडाथोडा करतो. दोघांच्याही बाजूने बोलता येईल, पण आधी कामाच्या गोष्टी, कारण भारतातून येणारी मंडळी शेवटच्या दिवसांत यांतच अडकतात.

रविवारी ऑस्ट्रियात किराण्याची दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळी सहालाच कुलूप. शनिवारी दुपारीच सोमवार सकाळपर्यंतचं घेऊन ठेवा. व्हिएन्नाच्या मोठ्या स्थानकांतली दुकानं रविवारी उघडी असतात, खेड्यांत काही नाही.

पाणी : नळाचं पाणी उत्तम. दफनभूमीत झाडांना घालायचे नळ असतात, ते मात्र दर वेळी पिण्याजोगे नसतात, पाटी वाचा. डोकं आणि टोपी भिजवायला चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या पुढे जातो तेव्हा तेवढ्यानेही जीव हुशारतो. पहाटे सहाला निघा, अकराला थांबा. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो. वीज चमकू लागली की बंधाऱ्यावरून खाली उतरा, उघड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता.

वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे तुमच्या पाठीशी. पण पूर्वेचा सुटला तर त्या सरळ बंधाऱ्यावर दिवस दुप्पट लांब होतो. @चाकोरीबाहेर यांच्यासारखे पाय नसतील तर एक जादा दिवस हाताशी ठेवाच.

परतीची रेल्वे : बुडापेस्ट–व्हिएन्ना जलद गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्या असतात, वेगळं आरक्षण लागतं, उन्हाळ्यात ते लवकर संपतं. ब्रातिस्लावाहून व्हिएन्नाला साध्या गाड्या तासाभराच्या अंतराच्या.

आणि व्हिसा : शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार तिथे करायचा असतो. जर्मनीत आठवडा आणि ऑस्ट्रियात दहा दिवस असतील तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. शेवटचे दिवस वाढवताना हे गणित बदलतं, तेव्हा अर्जाआधीच ठरवा. स्लोव्हाकिया, हंगेरी त्याच व्हिसात येतात.

---

मीठभाकर

शाकाहारी माणसाने या टप्प्यात काय खावं? सुरुवातीला उत्साहात चीज-पाव चालतो, शेवटी शेवटी नजर वरणभात शोधायला लागते.

---

गोदाकाठ

@मीठभाकर, द्राक्ष बागायतदारांच्या अंगणातल्या खाणावळींत जा. दाराला हिरव्या फांद्यांची जुडी टांगलेली असली की उघडं आहे असं समजायचं. आपली वाइन आपल्या अंगणात विकायची मुभा सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये दिली, तेव्हापासूनची रीत. खाणं थंड असतं : पाव, चीज, लोणच्याची काकडी, मुळे, आणि लिप्टाउअर नावाचं पावाला लावायचं तिखटसर चीज. ते बहुधा शाकाहारी. पण पावाला लावायच्या इतर पदार्थांत डुकराची चरबी सर्रास असते, दर वेळी विचारा.

जेवणाऐवजी जर्दाळूचे गोळे खा. अख्खा जर्दाळू मऊ पारीत गुंडाळून उकळत्या पाण्यात शिजवतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. उकडीच्या मोदकाची आठवण येते, फक्त आतलं सारण आंबटगोड आणि चटका बसेल इतकं गरम. पारीत बहुधा अंडं असतं, हे चालत नसेल तर आधी सांगा.

वरणभातासाठी आम्ही छोटी शेगडी, मुगाची डाळ आणि हिंगाची डबी नेली होती. टुल्नच्या तळावर शेवटची खिचडी केली. शेजारच्या तंबूतलं डच जोडपं वासाने उठून आलं, त्यांनाही वाढली.

---

सायकलमिस्त्री

परतताना सायकल विमानात न्यायला जे खोकं लागतं त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

शेवटचा दिवस वाया जातो तो खोक्यापायी. सायकलच्या दुकानांत नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात ती रिकामी खोकी ते बहुतेक वेळा फुकट देतात. पण उन्हाळ्यात मागणारे बरेच असतात. व्हिएन्नाच्या दोन-तीन दुकानांना आठवडाभर आधी ईमेल करून ठेवा, सायकलचं माप कळवा.

पायडल काढताना लक्षात ठेवा, डावं उलट आट्याचं असतं. प्रवासभर धूळपाणी बसलेलं असतं, म्हणून व्हिएन्नाच्या आदल्या मुक्कामी एकदा सैल करून थोडं ग्रीस लावून पुन्हा बसवा. हॉटेलच्या खोलीत शेवटच्या रात्री अडकलं तर रडू येतं. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून चौकटीच्या आत बांधा. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन दांडे दबू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा आडवा तुकडा घाला. तोही दुकानात खोक्याबरोबर मागून घ्या. टायरची हवा कमी करा. पॉवरबँक जवळच्या पिशवीत, सामानात नाही. विजेची सायकल असेल तर तिची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, त्यांनी तिथेच भाड्याने घ्यावी.

विमानतळ नदीपासून फार लांब नाही, काही जण सायकलनेच जाऊन तिथे बांधाबांध करतात. मी सुचवणार नाही.

---

चाकोरीबाहेर

@सायकलमिस्त्री, उलट आट्याचं आधी कळलं असतं तर फार बरं झालं असतं. धन्यवाद.

@गोदाकाठ ताई, एक मान्य. तराफ्यावरून नुसतं जाऊन परत येणं मला कधी सुचलं नसतं. पण व्हिएन्नाला थांबायचं की पुढे जायचं, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

---

गोदाकाठ

दिवस असतील तर जरूर पुढे जावं. माझा आग्रह व्हिएन्नाचा नाही. बुडापेस्टला संपवणार असाल तर एस्तरगोम ते बुडापेस्ट या भागाला तसेच सैल दिवस द्या. तिथे नदी विशेग्राडच्या डोंगरांतून वळून सरळ दक्षिणेला लागते, सेन्तेन्द्रेसारखं गाव वाटेत आहे. तुम्ही ते अंतर एका दिवसात केलंत असा माझा अंदाज आहे. केलंत ना? मी म्हणते ते एवढंच की शेवट कुठेही असो, त्याच्या आधीच्या शंभर किलोमीटरना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आणि कपात करायचीच तर मधल्या भागात करायची. उल्म ते रेगेन्सबुर्ग मध्ये काही सपाट, नदीपासून लांबचे पट्टे आहेत. तिथे रेल्वेत बसलात तर दोन दिवस वाचतात.

---

चाकोरीबाहेर

एका दिवसात केलं. हो. मधल्या भागातली कपात ही सूचना पटली. पुढच्या वेळी इंगोलश्टाटपर्यंतचा भाग रेल्वेने.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं : पासाउ ते मेल्क नेहमीच्या वेगाने, मेल्क ते क्रेम्स तीन दिवस दक्षिण काठाने, एक दिवस बाबा रेल्वेत आणि मी सायकलवर, टुल्नला मुक्काम, मग डॅन्यूब बेट. ब्रातिस्लावा जमलं तर जाऊन-येऊन. अणुवीज केंद्राचं वाचून बाबा एकदम सावरून बसले; वीज मंडळात नोकरी झाली त्यांची. ते आतून बघता येतं का?

---

इसारकाठ

येतं, पण ठरावीक दिवशी आणि आधी नाव नोंदवून. तिथे आता प्रशिक्षणही चालतं आणि आवारात सौर पॅनेल बसवली आहेत. मेल्कला पोचायच्या आधीच नोंदणी उरका आणि मिळेल त्या तारखेभोवती पुढचे दिवस लावा. वाखाउत एखादा दिवस वाढला तर तुमच्या बाबांची हरकत नसेल.